गुडघ्यावरचे वस्त्र : कौतुक कोणाचे, हसू कोणाचे?

अक्कलकुव्याच्या बसस्थानकावर मोलगीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत तासभर बसले, की पुरुषांच्या कमरेखालच्या कपड्यांचा एक इतिहासच समोरून ये-जा करताना दिसतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता गावातून जातो. त्यामुळे गुजरातेतली ऊसतोड आटोपून परतणारे, जीन्स घातलेले तरुण असतात. जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम हा मोठा मदरसा याच गावी असल्याने कुडता-पायजम्यातले विद्यार्थी असतात. चौकडीची लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेले ट्रकचालक असतात, धोतर-टोपीतले सपाटीवरचे शेतकरी असतात. आणि क्वचित, आता अगदी क्वचित, सातपुड्यातून उतरलेला एखादा म्हातारा असतो. अंगात लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला फेटा, कमरेला चांदीचा करदोडा आणि खाली लंगोटी.

अशाच एका म्हाताऱ्याशेजारी मी बाकावर बसलो होतो. समोर कॉलेजातली दोन पोरे उभी होती. दोघांच्याही जीन्स गुडघ्यावर फाडलेल्या होत्या, म्हणजे दुकानातूनच फाडून आलेल्या होत्या. त्यांच्यापैकी एकाने म्हाताऱ्याच्या उघड्या मांड्यांकडे पाहून दुसऱ्याला कोपर मारले. दुसऱ्याने हसत मोबाइल वर धरला. म्हातारा काही बोलला नाही. खांद्यावरची चादर त्याने हळूच खाली ओढली, दोन्ही मांड्यांवर पसरली आणि गाडी येईपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून बसला.

हा लेख त्या चादरीविषयी आहे. एरवी ऐंशी वर्षे ज्या कपड्यात माणूस शेतात, जंगलात, लग्नाकार्यात वावरला, त्या कपड्याची लाज त्याला बसस्थानकावर कशी वाटू लागली? ती लाज त्याची होती, की पाहणाऱ्यांनी त्याच्या मांडीवर टाकलेली होती?

पाश्चात्त्य देशांत हाच प्रश्न वेगळ्या वस्त्राच्या निमित्ताने विचारला जातो. स्कॉटलंडचा किल्ट, म्हणजे चौकडीच्या कापडाचा, चुण्यांचा, गुडघ्यापाशी संपणारा घेर, काही पुरुष आता रोजचा कपडा म्हणून घालतात. किराणा आणायला, कामावर, बागेत फिरायला. लग्नात किंवा बॅगपाइपच्या तालावर तो घातला तर लोक टाळ्या वाजवतात. मंगळवारी दुपारी भाजी घ्यायला जाताना घातला तर थबकून पाहतात, थट्टा करतात, आत काय घातले आहे असे विचारतात. वस्त्र तेच, माणूस तोच. फक्त वार बदलला. माझे म्हणणे असे, की या साध्या फरकात या विषयाचे सगळे मर्म आहे आणि ते समजून घ्यायला मराठी माणसाला स्कॉटलंडला जाण्याची गरज नाही.

नेसणे आणि घालणे

आधी भाषेकडे पाहू. मराठीत सदरा, कोट, पँट ‘घालतात’. धोतर, पंचा, सोवळे, लुगडे ‘नेसतात’. लंगोटी ‘लावतात’. शिवलेले ते घालायचे आणि न शिवलेले, अंगाभोवती गुंडाळायचे ते नेसायचे, अशी ही सरळ विभागणी आहे. शंभर वर्षांपूर्वी नेसणे हे क्रियापद स्त्री-पुरुष दोघांचे होते. आज ‘ती नेसते आहे’ म्हटले की साडी डोळ्यांसमोर येते. ‘तो नेसतो आहे’ म्हटले की वाक्य अर्धवट वाटते, पुढे ‘धोतर’ किंवा ‘सोवळे’ असे सांगावे लागते. पुरुषाच्या अंगावरून न शिवलेले कापड गेले, तसे त्याच्या वाट्याचे क्रियापदही गेले. किल्टविषयी मराठीत लिहिताना पहिली अडचण हीच येते. तो घालायचा की नेसायचा? गंमत अशी, की मूळचा किल्ट हे लांबलचक कापड होते, ते कमरेभोवती चुण्या करून पट्ट्याने बांधत आणि उरलेले खांद्यावर टाकत. म्हणजे तो नेसायचाच होता. शिवलेल्या चुण्यांचा आटोपशीर किल्ट नंतर आला.

दुसरा शब्द कासोटा, म्हणजेच काष्टा. मराठी नजरेला कापडाच्या लांबीपेक्षा कासोट्याचे महत्त्व मोठे. दोन पायांमधून कापड नेऊन मागे खोचले, की ते शिस्तीचे, कामाचे, मर्दपणाचे. ‘मुक्तकच्छ’ म्हणजे कासोटा सुटलेला; मराठीत तो शब्द बेबंद, ताळतंत्र सोडलेला अशा अर्थाने वापरला जातो. कासोटा सुटणे, धोतर सुटणे, धोतर सोडून पळणे या सगळ्या बेअब्रूच्या पायऱ्या. उलट ‘लंगोटाचा पक्का’ हे पैलवानाचे प्रशस्तिपत्र आहे आणि लंगोटीयार हा तर मैत्रीचा सर्वोच्च किताब. ज्या भाषेने लंगोटीला इतका मान दिला, तीच भाषा भ्यालेल्या पुरुषाला ‘बांगड्या भर’, ‘लुगडे नेस’ असे सांगते.

यातून एक गोष्ट लक्षात येते. नऊवारीला काष्टा असतो, त्यामुळे मराठी बाईचे पारंपरिक वस्त्र बाजारातल्या लुंगीपेक्षा पँटीच्या अधिक जवळचे आहे. तरीही हिणवताना लुगड्याचेच नाव घेतात. म्हणजे खटकते ते वस्त्राच्या रचनेमुळे नव्हे. बाईशी जोडले गेलेले काहीही पुरुषाला चिकटले की ते खटकते. किल्ट घातलेल्या पुरुषाला जगभर जे पहिले हसू मिळते, त्याच्या मुळाशी हेच आहे. त्या हसण्यात पुरुषापेक्षा बाईचा अपमान जास्त असतो, पण तो कोणी मोजत नाही.

दहा वर्षांच्या अंतरातले दोन हुकूम

पुरुषाच्या वस्त्रावर सत्तेने घातलेल्या बंदीची दोन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. पहिले आपल्या अगदी जवळचे. १७३६ साली गोव्यात इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांनी कोणत्या जुन्या चाली सोडायच्या त्याची लांबलचक यादी त्यात होती. पुरुषांनी पुडवे, म्हणजे धोतर, नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, हेही त्यात होते. धर्म बदलला हे केवळ देवळाच्या दाराशी दिसून भागणार नव्हते, ते कमरेवरही दिसायला हवे होते.

दुसरे उदाहरण त्यानंतर दहा वर्षांनी, १७४६ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्याचे. कलोडनच्या लढाईत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या बंडखोरांचा पाडाव झाल्यावर त्यांचा पोशाखच गुन्हा ठरवण्यात आला. किल्ट घातलेला पुरुष पकडला गेला तर पहिल्या खेपेला सहा महिने कैद आणि दुसऱ्या खेपेला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. त्यातून फक्त सैन्यातले शिपाई वगळले होते. म्हणजे तोच डोंगरी माणूस स्वतःच्या शेतात किल्ट घालू लागला तर कैदी आणि राजासाठी लढताना घालू लागला तर शूर. हा कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. तोवर एक पिढी पँटीत वाढलेली होती.

पुढची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्या भेटीचा सोहळा बसवला आणि राजाने स्वतः किल्ट घातला. आत मात्र त्याने कातडीच्या रंगाची तंग विजार चढवली होती. डोंगरातला शेतकरी जे रोज घालत असे आणि ज्यासाठी त्याला तुरुंग दाखवला गेला, ते शेतकऱ्याच्या अंगावरून उतरल्यावर राजाच्या अंगावर शोभेचे झाले. ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तर असे मांडले, की आजचा आखूड किल्ट मुळात एका इंग्रज कारखानदाराने अठराव्या शतकात रूढ केला आणि त्याची पुरातन परंपरा नंतर रचली गेली. त्यावर वाद आहेत. पण एवढे खरे, की किल्टचे कौतुक सुरू झाले तेव्हा तो रोजचा कपडा राहिलेला नव्हता.

आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य बसवतात, तेव्हा मुलांना कोळ्यांचा तिकोनी रुमाल बांधतात आणि त्याच्या आत हमखास हाफपँट असते. राजाची तंग विजार आणि आपल्या मुलांची हाफपँट यांचे काम एकच: वस्त्राचा रंग घ्यायचा, अंग मात्र झाकायचे.

घागरा पलटण आणि भिल्ल पलटण

स्कॉटलंडमधून खानदेशात यायला फार मोठी उडी मारावी लागत नाही. पेशवाई संपल्यावर मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश होता. खानदेशातल्या भिल्लांचे उठाव नुसत्या बंदुकीने शमत नाहीत, हे ध्यानात आल्यावर भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरले. १८२५ मध्ये खानदेश भिल्ल कोअर स्थापन झाली आणि धरणगावात तिचे ठाणे झाले. ती उभारणारा जेम्स आउट्रम स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये शिकलेला होता. डोंगरातल्या ‘रानटी’ माणसाला गणवेश चढवून त्याच्याच डोंगरावर पहारा करायला लावायचा, ही युक्ती स्कॉटलंडच्या डोंगरात आधी वापरून झालेली होती.

याच आउट्रमची पुढे १८५७ मध्ये लखनौला हॅवलॉकबरोबर चढाई झाली. त्या फौजेत ७८ वी हायलँडर पलटण होती. त्या धामधुमीत किल्ट घातलेल्या गोऱ्या शिपायांना हिंदुस्थानी लोक ‘घागरा पलटण’ म्हणत. एका जेत्याच्या अंगावर बायकी वाटणारे कापड पाहून जित हसले, तर तेही एक प्रकारचे हत्यारच होते. पण त्या हसण्याने घागरा पलटणीला चादर ओढून घ्यावी लागली नाही. हातात संगीन असली, की उघड्या गुडघ्यांचे कोणी काही वाकडे करू शकत नाही. हसणारा कोण आणि ज्याला हसले जाते तो कोण, यावर हसण्याचा परिणाम ठरतो.

भिल्लाच्या वाट्याला ती सोय आली नाही. वसाहतकाळातल्या दफ्तरांनी आणि गॅझेटियरांनी डोंगरातल्या आदिवासींची वर्णने केली, ती सपाटीच्या मोजपट्टीने. सपाटीला आलेला, कुणब्यासारखा कपडा करणारा तो सुधारलेला. डोंगरात राहिलेला, लंगोटीतला तो मागासलेला. सुधारणेची चढण कापडाच्या वाढत्या लांबीने मोजली गेली. स्वातंत्र्यानंतर दफ्तरे बदलली, पण मोजपट्टी फारशी बदलली नाही. आश्रमशाळेच्या गणवेशातली हाफपँट हीच अनेक मुलांच्या आयुष्यातली पहिली शिवलेली विजार ठरली. ती उबदार होती, टिकाऊ होती आणि तिच्याबरोबर अक्षरेही आली, हे मान्यच करायला हवे. पण घरी बाप जे लावतो ते शाळेत चालत नाही, हा धडाही तिच्याबरोबर आला.

फुले, गांधी आणि आंबेडकर

पुरुषाच्या आखूड वस्त्रावर महाराष्ट्रात सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग जोतीराव फुल्यांचा म्हणावा लागेल. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कनॉटच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात समारंभ केला. भरजरी पोशाखातल्या त्या मेळाव्यात जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. राणीच्या मुलाला त्यांनी ऐकवले, की इथे जमलेली रत्ने म्हणजे हिंदुस्थान नव्हे. देश पाहायचा असेल तर खेड्यात चला. दुसऱ्याची लाज त्यांनी एका संध्याकाळीपुरती आपल्या अंगावर घेतली आणि ती जिथली होती तिथे, म्हणजे पाहणाऱ्यांच्या नजरेत, परत ठेवली.

गांधींनी मदुरा येथे २२ सप्टेंबर १९२१ रोजी सदरा-टोपी सोडून पंचा घेतला. सुरुवातीला हा संकल्प जेमतेम महिन्याभरासाठी होता. पुढे तो जन्माचा झाला. १९३१ मध्ये ते त्याच वेषात लंडनच्या राजवाड्यात गेले. त्याआधी चर्चिलने त्यांना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवले होते. गांधींचे वेगळेपण हे, की त्यांनी आखूड वस्त्राला सणाचा नव्हे, रोजचा मान मिळवून दिला. मंगळवारीही पंचा आणि राजाच्या भेटीलाही पंचा.

पण गांधींनी पंचा निवडला होता. बॅरिस्टरचा सूट त्यांनी घालून पाहिला होता आणि मग उतरवला होता. ज्याला सूट घालण्याची मुभाच नव्हती, त्याच्या लेखी हा त्याग वेगळा दिसतो. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना सांगितले, की तुमची जात ओळखू येईल अशा तऱ्हेचे लुगडे नेसणे आणि तसले दागिने घालणे सोडा. स्वतः त्यांनी आयुष्यभर नीटस सूट घातला. कमी कपडे हे ज्याच्यावर लादलेले असतात, त्याने पुरे कपडे मागणे ही नक्कल नसते, तो हक्क असतो. म्हणून ‘आदिवासींनी लंगोटी सोडली, संस्कृती बुडाली’ अशी हळहळ शहरी माणसाने इस्त्रीच्या पँटीतून व्यक्त करावी, यासारखा दांभिकपणा नाही. अक्कलकुव्याचा तरुण जीन्स घालतो ती त्याला आवडते म्हणून, मोटारसायकलवर सोयीची म्हणून आणि तिच्यात त्याला कोणी हटकत नाही म्हणून. यातली पहिली दोन कारणे त्याची स्वतःची आहेत. माझी तक्रार फक्त तिसऱ्याबद्दल आहे.

लुंगी, वेष्टी आणि मॉल

हटकण्याचे प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत. १९६०च्या दशकात मुंबईत शिवसेनेच्या सुरुवातीच्या दिवसांत ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा गाजली. मुद्दा नोकऱ्यांचा होता आणि मराठी तरुणांच्या बेकारीचा प्रश्न खराच होता. पण घोषणेसाठी निवडले गेले ते एक वस्त्र. लुंगीला कासोटा नाही, ती परक्याची, ती बघताक्षणी ओळखू येते आणि तिच्यावर हसता येते. वस्तुतः त्याच काळात कोकणातून आलेले कितीतरी मराठी चाकरमाने संध्याकाळी खोलीवर पंचा किंवा लुंगीच गुंडाळून बसत. पण ती घरातली लुंगी. दाराबाहेरच्या लुंगीला मात्र प्रांत चिकटला. पुढे २०१३ मध्ये एका हिंदी सिनेमातल्या लुंगीच्या गाण्यावर मराठी वरातीही मनापासून नाचल्या. वरात हा सणच. सणाला लुंगी चालते.

ज्या तामिळनाडूत वेष्टी हा मुख्यमंत्र्यांचाही पोशाख राहिला आहे, तिथेही २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबने वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना दारातच थांबवले. त्यावर इतका संताप झाला, की त्याच वर्षी राज्याने अशा पोशाखबंदीविरुद्ध कायदाच केला. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये मुलाबरोबर सिनेमा पाहायला आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला धोतर नेसल्यामुळे आत सोडले नाही. लोक खवळले, सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. दोन्ही ठिकाणी दाराशी उभा असलेला पहारेकरी त्याच राज्यातला असणार आणि त्याच्या घरातही कोणी वेष्टी किंवा पंचा नेसणारे असणार. ज्या हाताने त्याने शेतकऱ्याला अडवले, त्याच हाताने तो सणाच्या दिवशी बापाच्या धोतराची घडी मोडत असेल.

न्यायमूर्तींसाठी कायदा झाला, शेतकऱ्यासाठी मॉल बंद झाला. हे चांगलेच झाले. पण लंगोटीतल्या म्हाताऱ्यासाठी अजून कोणी खवळलेले मी पाहिलेले नाही. धोतराला ‘आपली संस्कृती’ म्हणणारा मोठा समाज पाठीशी आहे. लंगोटी मात्र आखाड्याबाहेर कोणाचीच संस्कृती नाही.

काठीची होळी आणि बुधवारची सकाळ

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या गावची राजवाडी होळी आता सर्वदूर प्रसिद्ध आहे. काठी हे पूर्वीच्या मेवासी संस्थानांपैकी एक. तिथली होळीची परंपरा तेराव्या शतकापासूनची असल्याचे सांगतात. उंच बांबू उभा करून पहाटे होळी पेटवतात. रात्रभर मोठमोठे ढोल वाजत असतात. बुध्या, बावा अशी रूपे घेतलेले पुरुष गोल फेर धरून नाचतात. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे. मांड्या उघड्या, पाय अनवाणी. नवसाचे हे व्रत आहे. ते पाळणारा काही दिवस खाटेवर निजत नाही, पायांत काही घालत नाही आणि संयमाने राहतो. म्हणजे या उघड्या अंगामागे शिस्त आहे, श्रद्धा आहे. त्यात नुसती हौस नाही.

या होळीला आता शेकडो कॅमेरे येतात. बसस्थानकावरची ती दोन पोरे तिथे होती असे मी म्हणणार नाही, पण त्याच वयाची, तशाच गावांची पोरे तिथे फेरात होती. कमरेच्या घुंगरांचा आवाज करत ती पहाटेपर्यंत नाचली. त्यांच्याकडे पाहून कोणी कोपर मारले नाही. नऊ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांतही पारंपरिक पोशाखातले तरुण अभिमानाने पुढे असतात. हा अभिमान मोलाचा आहे, तो कष्टाने मिळवलेला आहे. त्याला नाटक म्हणण्याचा हक्क कोणाला नाही.

प्रश्न आहे तो होळीनंतरच्या सकाळचा. होळी मंगळवारी असेल तर बुधवारी बाजाराला उतरलेल्या म्हाताऱ्याची मांडी दुसऱ्याच नजरेने पाहिली जाते. पहाटे जी ‘आदिम संस्कृती’ होती, तिला सकाळी दहा वाजता एखाद्या कार्यालयाच्या दारात ‘बाबा, जरा नीट कपडे घालून या’ असे ऐकवले जाते. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे आणि म्हणणारा माणूस वाईट नव्हता. त्याला वाटले, आपण म्हाताऱ्याची अब्रूच राखतो आहोत.

छायाचित्रांनीही इथे एक भूमिका बजावली आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातून सर्वांत आधी गेलेल्या गावांपैकी मणिबेली हे याच तालुक्यातले. १९९०च्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनाच्या काळात इथल्या माणसांची छायाचित्रे जगभर गेली. सदरा-पँटीतले लोकही त्या गर्दीत होते. पण पाण्यात उभा राहिलेला लंगोटीतला पुरुष डोळ्यांत भरतो आणि छापूनही तोच येतो. त्या छायाचित्राने आंदोलनाला सहानुभूती मिळवून दिली, हे खरे. पण त्याच्या वस्त्राला गरिबीचा आणि असहायतेचा शिक्काही बसला. तो माणूस जे नित्य लावत होता ते वाचकाने ‘याच्याकडे कपडेही नाहीत’ असे वाचले. नंदुरबार जिल्ह्यातले कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा रोख, म्हणजे आदिवासींचे दुःख दुसरेच मंचावरून सांगत राहतात हा, छायाचित्रालाही लागू पडतो.

आपल्या वर्तमानपत्रांत ‘अर्धनग्न आंदोलन’ हा मथळा अधूनमधून येतो. पगार थकलेले कामगार, पीकविमा न मिळालेले शेतकरी सदरे काढून, कधी चड्डीवर उभे राहतात. ते आपल्या लाजेचे हत्यार करतात. सरकारची लाज काढण्यासाठी स्वतःची पणाला लावतात. त्या मथळ्याला म्हणून अर्थ आहे. पण तोच ‘अर्धनग्न’ शब्द डोंगरातल्या माणसाच्या रोजच्या पोशाखालाही चिकटवला जातो. जो काही उतरवून आलेला नाही, त्याला अर्धनग्न कसे म्हणायचे? तो पूर्ण कपड्यांत आहे. ते कपडे आपल्यासारखे नाहीत, एवढेच.

वाराची कसोटी

मग किल्ट घालून भाजी आणायला जाणाऱ्या परदेशी पुरुषाचे आणि आपल्या म्हाताऱ्याचे दुःख एकच का? नाही. किल्टवाल्याच्या कपाटात पँटी आहेत. तो कंटाळला तर उद्या पँट घालेल. त्याच्याकडे पाहून लोक हसतात तेव्हा त्याच्या धान्याचे कार्ड, त्याच्या जमिनीचा कागद अडत नाही. म्हाताऱ्याचे अडू शकते. तरीही किल्टवाला जे मागतो आहे ते मला महत्त्वाचे वाटते, कारण तो सणाचे कौतुक नाकारून वाराचा साधेपणा मागतो आहे. माझ्याकडे पाहू नका. पाहिलेत तर भाजीवाला इतर गिऱ्हाइकांकडे पाहतो तसे पाहा, एवढेच त्याचे म्हणणे.

एखाद्या समाजाला दुसऱ्याच्या वस्त्राबद्दल आदर आहे की नाही, हे होळीच्या रात्री कळत नाही. त्या रात्री सगळेच उदार असतात. ते बाजाराच्या दिवशी कळते, बसस्थानकावर कळते, कार्यालयाच्या रांगेत कळते. स्कॉटलंडने आपले वस्त्र गमावल्यावर त्याचा सोहळा केला. सातपुड्यात आपण तेच करू लागलो आहोत. लंगोटी लावणारा शेवटचा म्हातारा गेला, की तिच्यावर एखादे दालन उभे राहील, पुतळ्याला चांदीचा करदोडा घालतील आणि शाळेच्या सहली येतील. त्या दालनाला माझा विरोध नाही. पण आज जो म्हातारा जिवंत आहे, त्याला गाडीत जागा मिळताना, अर्जावर सही करताना, दवाखान्यात नंबर लावताना चादर ओढावी लागू नये, ही त्या दालनाआधीची गोष्ट आहे.

त्या दिवशी गाडी आली, तेव्हा म्हातारा उठला. चढायला दोन्ही हात लागणार होते, म्हणून त्याने चादर पुन्हा खांद्यावर टाकली. मोबाइल धरलेल्या पोराने एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि मोबाइल खिशात घातला. मग त्याने म्हाताऱ्याची पिशवी उचलून आत दिली. त्याला लाज वाटली की घरचा कोणी आठवला, ते मला सांगता येणार नाही. म्हातारा खिडकीशी बसला. चादर त्याने परत मांडीवर घेतली नाही.